सोसायटीच्या गच्चीवर सोलर: बडोद्यातल्या नवख्यांसाठी सुरुवातीपासून

मांजलपूरला आमची ४० फ्लॅटची सोसायटी आहे, मी तिथे खजिनदार, आणि २०२५ च्या उन्हाळ्यात आमच्या गच्चीवर १० किलोवॉटचा सोलर प्लँट चालू झाला. तेव्हापासून दर आठवड्याला एक तरी फोन येतोच, कधी दांडिया बाजारातून कधी कारेलीबागेतून, की अहो तुम्ही कसं केलं ते जरा सांगा ना, आम्हालापण करायचंय पण कुठून सुरू करायचं तेच कळत नाही. फोनवर अर्धं सांगितलं जातं, अर्धं राहतं, म्हणून सगळं एकदाच लिहून काढतोय.

एक गोष्ट अगदी पहिल्यांदा सांगतो कारण आम्ही त्याच्यावरच दोन वर्षं घालवली: आधी कागद, मग पॅनल. बहुतेक लोक आधी व्हेंडरला बोलावतात, भाव विचारतात, सबसिडी किती ते विचारतात, आणि मग अडकतात, कारण गच्ची कुणाची आणि मीटर कुणाच्या नावावर या दोन प्रश्नांची उत्तरं कुणाकडेच नसतात. २०२३ मध्ये आम्ही असंच केलं. कमिटीतल्या ५ जणांनी ठरवलं, एका व्हेंडरला ॲडव्हान्स दिला, आणि नंतर कळलं की कॉमन मीटर अजून बिल्डरच्याच नावावर आहे, वरच्या मजल्यावरच्या एका सभासदाचं म्हणणं की गच्ची त्याच्या दस्तात आहे, आणि व्हेंडर म्हणतो पैसे परत मिळणार नाहीत. सात महिने गेले त्या ॲडव्हान्सच्या मागे. तुमचे जाऊ नयेत.

आता कुठलं सोलर करायचंय ते आधी नीट समजून घ्या. फ्लॅटच्या सोसायटीत दोन वेगळ्या गोष्टी असतात आणि लोक त्या एकत्र करून टाकतात. एक म्हणजे कॉमन मीटरचं सोलर, म्हणजे लिफ्ट, पाण्याची मोटर, जिन्यातले दिवे, पार्किंग, गेट, आणि आता कुणी ईव्ही चार्जर लावला असेल तर तो. ह्याचा खर्च सगळे मिळून करतात आणि फायदा मेंटेनन्समध्ये दिसतो. दुसरं म्हणजे ज्याचं त्याचं, म्हणजे एखादा सभासद गच्चीचा तुकडा वापरून स्वतःच्या घरच्या मीटरला सोलर जोडतो. दोन्हीला केंद्राच्या पीएम सूर्य घर योजनेत सबसिडी आहे पण आकडे वेगळे आहेत.

ही योजना फेब्रुवारी २०२४ मध्ये आली, एकूण ७५,०२१ कोटींची, १ कोटी घरांसाठी, आणि मुदत २०२६-२७ या आर्थिक वर्षापर्यंत आहे, त्यामुळे पुढच्या दिवाळीनंतर बघू असं म्हणत बसू नका. घरच्या मीटरला पहिल्या २ किलोवॉटला किलोवॉटमागे ३०,००० रुपये, तिसऱ्याला १८,०००, आणि जास्तीत जास्त ७८,०००, मग तुम्ही ३ लावा की ५. सोसायटीच्या कॉमन सोयींसाठी सरसकट १८,००० रुपये किलोवॉटमागे, कमाल ५०० किलोवॉट, पण घरटी ३ किलोवॉट ह्या हिशेबाने. म्हणजे ४० घरं असतील तर मर्यादा १२० किलोवॉट, आणि सभासदांनी स्वतःचं जे लावलंय तेही ह्याच मर्यादेत मोजतात. आमच्यासारख्या सोसायटीला १२० किलोवॉट लागतंच कुठे, पण मोठ्या टाऊनशिपवाल्यांनी हे लक्षात ठेवावं.

आता कागद. इथे जरा थांबतो कारण इथेच सगळं ठरतं.

कॉमन मीटरचं शेवटचं लाईटबिल हातात घ्या आणि वर नाव वाचा. सोसायटीचं नाव आहे का? नसेल, बिल्डरचं किंवा त्याच्या पार्टनरचं असेल, तर बाकी सगळं बाजूला ठेवून आधी नाव बदलून घ्या. योजनेच्या पोर्टलवर अर्ज ग्राहक क्रमांकावर होतो, आणि सबसिडी ग्राहकाच्या बँक खात्यात येते, तेव्हा मीटर, पॅन कार्ड आणि बँक खातं तिन्हीवर एकच नाव हवं, अगदी स्पेलिंगसकट. आमच्या बिलावर सोसायटीच्या नावात एक शब्द कमी होता, बँकेत पूर्ण होतं. तेवढ्यासाठी दोन फेऱ्या झाल्या. ऑफिस एमजीव्हीसीएलचं, म्हणजे मध्य गुजरात वीज कंपनी, पण आपल्याकडे अजून सगळे जीईबीच म्हणतात, बोर्ड जाऊन वीस वर्षं झाली तरी. तुमच्या भागाचं सबडिव्हिजन कुठलं ते बिलावरच लिहिलेलं असतं, तिथेच जा, रेस कोर्सच्या मोठ्या ऑफिसात जायची गरज नाही.

दुसरा कागद म्हणजे ठराव. कमिटीचा ठराव पुरत नाही, जनरल सभेचा घ्या. सभेच्या नोटिशीत विषय स्पष्ट लिहा की गच्चीवर सोलर बसवणे, त्यासाठी किती जागा, किती खर्च, पैसे कुठून, सही कोण करणार. सभेत गच्चीच्या मालकीचा प्रश्न निघेल हे धरून चाला आणि आधीच ज्याच्याशी बोलायचं त्याच्याशी घरी जाऊन बोला. आमच्याकडे वरच्या मजल्यावरचे जे काका होते त्यांच्या दस्तात गच्ची नव्हती, त्यांना बिल्डरने तोंडी सांगितलेलं, पण हे आम्ही सभेत सगळ्यांसमोर काढलं असतं तर ते कधीच तयार झाले नसते. चेअरमन आणि मी त्यांच्याकडे चहाला गेलो, दस्त बरोबर बसून वाचला, आणि त्यांची खरी काळजी कळली, की ड्रिलिंग करून स्लॅब गळायला लागला तर पहिलं पाणी माझ्या बेडरूममध्ये येणार. बरोबरच होतं ना त्यांचं. मग ठरावातच लिहिलं की स्लॅबला एकही भोक पाडायचं नाही, सिमेंटचे ब्लॉक टाकून त्यावर स्ट्रक्चर उभं करायचं, वॉटरप्रूफिंग आधी करून घ्यायचं. त्याच काकांनी मग सभेत ठराव मांडला.

आणि उत्तरायण, म्हणजे पतंगांची संक्रांत! बडोद्यात हा मुद्दा निघाला नाही असं होणारच नाही. आमच्या सभेत एक काकू उठल्या आणि म्हणाल्या, सगळी गच्ची भरून टाकाल तर १४ जानेवारीला पोरं कुठे चढणार? हसायला कुणालाच आलं नाही कारण सगळ्यांच्या मनात तेच होतं. आम्ही गच्चीचा मधला भाग आणि पूर्वेची बाजू मोकळी ठेवली, पॅनल दक्षिणेकडे तोंड करून पश्चिमेच्या अर्ध्या भागात, माणूस खालून ताठ चालत जाईल एवढ्या उंचीवर. उंच स्ट्रक्चरला लोखंड जास्त लागतं, खर्च वाढतो, वाऱ्याचा जोर पण जास्त बसतो म्हणून स्ट्रक्चरल इंजिनीअरची सही घ्यायलाच हवी, पण खाली जागा वापरता येते, वाळवणं घालता येतात, आणि उत्तरायणला तिथे सावलीत बसून लोकांनी उंधियू खाल्लं. एक नियम मात्र बोर्डावर लिहून लावलाय: अडकलेला पतंग काढायला पॅनलवर चढायचं नाही. काच वरून फुटलेली दिसत नाही पण आतला सेल चिरतो.

किती किलोवॉटचं लावायचं हे व्हेंडरला विचारू नका, स्वतः काढा, अगदी सोपं आहे. वर्षभराची बिलं घ्या, आपल्याकडे दोन महिन्यांनी येतात म्हणजे सहा बिलं. युनिट जोडा, ३६५ ने भागा, रोजचे युनिट आले. बडोद्यात १ किलोवॉट सरासरी रोज ४ युनिट देतं, पावसाळ्यात कमी, मार्च ते मे जास्त, वर्षाचा हिशेब साधारण १४०० ते १५०० युनिट. आमचा कॉमन वापर रोज ४० युनिटच्या आसपास होता म्हणून १० किलोवॉट. जागा किलोवॉटला १०० चौरस फूट धरा, म्हणजे १००० चौरस फूट मोकळं ऊन हवं, आणि मोकळं म्हणजे पाण्याच्या टाकीची, लिफ्टच्या खोलीची, शेजारच्या नव्या बिल्डिंगची सावली न पडता. डिसेंबरात सकाळी ९, दुपारी १२ आणि ४ वाजता गच्चीवर जाऊन सावलीचे फोटो काढा. मे महिन्यात बघितलं तर सगळीकडे ऊनच दिसतं आणि फसायला होतं.

पैशाचा हिशेब असा मांडा. समजा किलोवॉटला ५०,००० भाव आला, १० किलोवॉटचे ५ लाख. सबसिडी १ लाख ८० हजार. राहिले ३ लाख २० हजार, ४० घरांत वाटले तर घरटी ८,०००. पण सबसिडी नंतर येते, आधी पूर्ण ५ लाख उभे करावे लागतात, तेव्हा सभासदांकडून १२,५०० घ्या आणि सबसिडी आली की परत करा किंवा मेंटेनन्समध्ये वळती करा, हे पण ठरावात लिहा. वसुली बघायची तर बिलाची एकूण रक्कम भागिले युनिट करा. समजा ७ रुपये पडले, वर्षाला १४,००० युनिट धरले तर ९८ हजार वाचतात, म्हणजे सव्वातीन वर्षांत पैसे निघाले. भाडेकरू असलेल्या फ्लॅटमालकांना हा हिशेब कागदावर दाखवा, तेच सगळ्यात जास्त का-कू करतात.

व्हेंडर निवडताना तो योजनेच्या पोर्टलवर नोंदलेला आहे ना ते बघा, नसेल तर सबसिडी नाही. कमीत कमी तीन कोटेशन घ्या आणि तिन्हीत एकच गोष्ट मागा, नाहीतर तुलनाच करता येत नाही. पॅनल डीसीआरचे हवेत, म्हणजे सेल आणि पॅनल दोन्ही भारतात बनलेले, सबसिडीची अटच आहे ती. बाजारात बाहेरचे स्वस्त मिळतात आणि काही जण गप्प तेच टाकून जातात, म्हणून माल आला त्या दिवशी प्रत्येक पॅनलच्या मागचा सिरियल नंबर फोटो काढून ठेवायचा, आम्ही १९ पॅनलचे १९ फोटो काढले, दुपारी दोन वाजता, व्हेंडरचा माणूस कंटाळला पण काढले. स्ट्रक्चर हॉट डिप गॅल्व्हनाइज्ड, म्हणजे वितळलेल्या जस्तात बुडवून काढलेलं, आहे का विचारा, नुसता सिल्वर रंग मारलेलं नको. अर्थिंगचे खड्डे किती, आकाशातली वीज पडली तर जमिनीत नेणारा लाइटनिंग अरेस्टर आहे का, पाच वर्षांचं मेंटेनन्स योजनेत व्हेंडरवरच असतं ते करारात लिहिलंय का. आणि जुनं कोटेशन असेल तर नवीन मागा, २२ सप्टेंबर २०२५ पासून सोलरच्या सामानावरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आलाय. पैसे टप्प्याटप्प्याने द्या, शेवटचा हप्ता मीटर लागून प्लँट चालू झाल्यावरच.

इन्व्हर्टर, म्हणजे पॅनलची डीसी वीज वापरायच्या एसी विजेत बदलणारा डबा, कुठे लावायचा हे कुणी विचारत नाही आणि तेच आपल्या गावात सगळ्यात महत्त्वाचं आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री चढली तेव्हा काय झालं ते सगळ्यांनी बघितलंय. आमच्या ओळखीच्या एका सोसायटीत इन्व्हर्टर तळमजल्यावर मीटर रूममध्ये होता, वायर कमी लागते म्हणून, तो पूर्ण पाण्याखाली गेला. दोन दिवसांनी पाणी उतरलं तेव्हा आतून चिखल निघाला. आम्ही आमचा गच्चीच्या जिन्याच्या शेवटच्या लँडिंगवर लावला, सावलीत, वारा खेळतो तिथे, आणि फक्त एसी केबल खाली आणली. केबलचे चार पैसे जास्त गेले तर जाऊ द्या.

अर्जाचं काम त्यामानाने सोपं झालंय. पोर्टलवर ग्राहक क्रमांक टाकून नोंदणी, मग अर्ज, मग व्हेंडर निवडणं. फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्राने वीज ग्राहकांच्या हक्कांचे नियम बदलले, त्यात १० किलोवॉटपर्यंतच्या अर्जाला टेक्निकल फिजिबिलिटीची, म्हणजे तिथल्या लाईनवर प्लँट जोडता येईल का याची, तपासणी काढून टाकली, अर्ज पूर्ण असेल तर तो मंजूरच समजायचा. १० च्या वर असेल तर तपासणी १५ दिवसांत व्हायला हवी, नाही झाली तर मंजूर धरायची. आणि काम पूर्ण झाल्याचं सर्टिफिकेट दिल्यापासून १५ दिवसांत करार, नेट मीटर (घेतलेली आणि दिलेली वीज दोन्ही मोजणारा) आणि प्लँट चालू करणं हे वीज कंपनीचं काम आहे. ऑफिसात आवाज चढवायची गरज नसते, अर्जाची तारीख आणि हा नियम शांतपणे सांगितला की पुरतं. मोठ्या प्लँटला इलेक्ट्रिकल इन्स्पेक्टरची परवानगी पण लागते, ते काम व्हेंडरच्या गळ्यात करारातच घाला. प्लँट चालू झाल्याचा रिपोर्ट पोर्टलवर आला की सोसायटीच्या खात्याचे तपशील आणि कॅन्सल चेक टाकायचा, आणि सबसिडी खात्यात येते, साधारण ३० दिवस धरा.

त्याच २०२४ च्या नियमांत सोसायट्यांसाठी अजून एक चांगली गोष्ट आहे. पूर्ण सोसायटीला एकच पॉइंट कनेक्शन ठेवायचं की घरटी वेगळं, हे आता रहिवासी मतदानाने ठरवू शकतात, आणि एकच पॉइंट असेल तरी घरातली वीज, जनरेटरची वीज आणि कॉमन वीज यांचं बिल वेगवेगळं दाखवावं लागतं. ज्यांच्या सोसायटीत बिल्डर अजून वीज वाटतोय त्यांनी आधी हे मागून घ्यावं.

सगळ्यांच्या फ्लॅटला सोलर द्यायचं असेल तर? गच्ची एक आणि मीटर ४०, प्रत्येकाची वेगळी केबल खाली आणणं म्हणजे भिंतीवर जाळंच होतं. ह्यावर खरा उपाय व्हर्च्युअल नेट मीटरिंग, गच्चीवर एकच प्लँट आणि तयार झालेले युनिट ठरलेल्या वाट्याने सगळ्यांच्या बिलात वजा. दिल्लीत २०१९ पासून त्याचे नियम आहेत. पीएम सूर्य घरमध्ये अशा पद्धतीलाही सबसिडी धरलेली आहे, पण ते चालतं राज्याच्या वीज नियामक आयोगाच्या नियमावर, म्हणून सबडिव्हिजनमध्ये लेखी अर्ज देऊन लेखीच उत्तर घ्या. मला मनापासून वाटतं की फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांसाठी हाच रस्ता आहे, बंगलेवाल्यांनी स्वतःच्या छपरावर लावलं आणि आम्ही नुसतं बघत बसलो हे बरोबर नाही, आणि दहा सोसायट्यांनी अर्ज दिले तर वजन पडेल.

एकत्र येऊन वीज करायची ही काही बाहेरून आलेली गोष्ट नाही, आपल्या शेजारच्या खेडा जिल्ह्यातच झालीय. ठासरा तालुक्यातल्या धुंडी गावात २०१६ मध्ये ६ शेतकऱ्यांनी सौर ऊर्जा उत्पादक सहकारी मंडळी काढली. सोलर पंपावर स्वतःचं पाणी काढायचं आणि उरलेली वीज एमजीव्हीसीएलला विकायची, ४ रुपये ६३ पैसे युनिट, २५ वर्षांचा करार. बदल्यात त्यांनी शेतीच्या स्वस्त विजेचं कनेक्शन मागायचा हक्क सोडला. पाणी उगीच उपसण्यापेक्षा वीज विकलेली बरी असं त्यांना वाटायला लागलं, हा त्यातला खरा मोठा भाग. नंतर आणंद जिल्ह्यात मुजकुवाला एनडीडीबीच्या, म्हणजे राष्ट्रीय डेअरी विकास बोर्डाच्या, मदतीने तसंच झालं. ज्यांची पादरा, डभोईकडे शेती आहे त्यांनी पीएम कुसुम योजना अजून चालू आहे का ते विचारून बघावं, ती २०१९ मध्ये आली, तिच्या पहिल्या भागात शेतकऱ्यांचे गट, सहकारी संस्था, पंचायती ५०० किलोवॉट ते २ मेगावॉटचा प्लँट टाकून वीज कंपनीला वीज विकू शकतात असं ठरवलेलं.

प्लँट चालू झाल्यावर दोन गैरसमज पहिल्याच महिन्यात निघतात. एक, लाईट गेली की सोलरवर लिफ्ट चालेल. नाही चालणार. बॅटरी नसलेला प्लँट ग्रिड, म्हणजे वीज कंपनीची लाईन, बंद झाला की स्वतः बंद होतो, खांबावर काम करणाऱ्या लाईनमनचा जीव वाचावा म्हणून ती सोय केलेली असते. जनरेटर विकून टाकू नका. दुसरा, बिल शून्य येईल. फिक्स चार्ज येतोच. सभेत हे आधीच सांगून ठेवा, नाहीतर पहिलं बिल आलं की लोक खजिनदाराकडे बघतात.

साफसफाई उन्हाळ्यात दर १५ दिवसांनी, सकाळी ८ च्या आत, तापलेल्या काचेवर गार पाणी मारायचं नाही. बोअरचं पाणी असेल तर क्षाराचे पांढरे डाग राहतात आणि ते मग निघत नाहीत, आम्ही कॉर्पोरेशनच्या पाण्याने धुतो आणि रबरच्या वायपरने पुसतो. कबुतरं पॅनलखाली घरटी करतात, जाळी आधीच लावून घ्या.

नेट मीटर वाचायला कमिटीतल्या दोघांना तरी शिकवा. मीटरवर आकडे आपोआप बदलत राहतात, एक इम्पोर्ट म्हणजे ग्रिडमधून घेतलेले, एक एक्सपोर्ट म्हणजे ग्रिडला दिलेले. इन्व्हर्टरच्या स्क्रीनवर तयार झालेले युनिट वेगळे. आमच्याकडे वॉचमनभाऊ दर १ तारखेला सकाळी तिन्ही आकड्यांचा फोटो काढून ग्रुपवर टाकतात आणि मी वहीत उतरवतो. जुलैमध्ये आकडा अचानक अर्धा झाला, पाऊस आहे म्हणून कुणी लक्ष दिलं नसतं, पण मागच्या आठवड्यात ऊन होतं हे वहीत दिसत होतं. वर जाऊन बघितलं तर दोनपैकी एका स्ट्रिंगचा, म्हणजे एका माळेत जोडलेल्या पॅनलांचा, कनेक्टर सैल झालेला. व्हेंडरचा माणूस आला, वीस मिनिटांत नीट केला, आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी इन्व्हर्टरवर ३८ युनिट दिसले.